चाँद पाशा मिस्तरीचा फ्रीज

नांदेडकडं जाणारी सडक आखाडा बाळापुरातून बाहेर पडते, तिथं डाव्या हाताला चाँद पाशाचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार बल्ल्यांवर टाकलेले पत्रे, गाडीखाली उतरायला खोदलेला एक खड्डा आणि वीस वर्षं तेल पिऊन काळी झालेली जमीन. पाटी नव्हती, कारण तिची गरज नव्हती. हिंगोलीपासून नांदेडपर्यंत कुणाचीही गाडी बिघडली की लोक म्हणायचे, ढकलत का होईना, बाळापूरपर्यंत न्या. पुढचं मिस्तरी पाहील.

नांदेडच्या मोटार डेपोत निजामाच्या काळात एक म्हातारा उस्ताद होता, त्याच्या हाताखाली चाँद पाशा शिकला. उस्तादानं त्याला एवढंच शिकवलं की आधी ऐकायचं, मग हात लावायचा. त्यामुळं गाडी आली की चाँद पाशा पहिल्यांदा बॉनेट उघडत नसे. विडी विझवायचा, मान तिरकी करायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह धरत नाही. उघडून पाहिलं की तेच निघायचं. एकदा वऱ्हाडाची गाडी ॲक्सिलेटरची स्प्रिंग तुटून त्याच्या दारात बंद पडली. दुसरी स्प्रिंग नव्हती, तर त्यानं स्वतःच्या सायकलच्या स्टँडची स्प्रिंग काढून बसवली. लग्न वेळेवर लागलं आणि चाँद पाशाची सायकल पुढं दोन महिने भिंतीला टेकून उभी राहिली. असा माणूस.

त्याची बायको अजरा. एकुलती एक लेक, नजमा, लग्न करून कळमनुरीला दिलेली. घर गॅरेजला लागूनच, घरात दोघंच. लेकीच्या लग्नानंतर वर्षाभरात अजराचं अंग उतरायला लागलं. तहान म्हणजे अशी की पाण्याचा माठ दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून साखरेचा आजार सांगितला. गोळ्यांनी भागणार नाही, रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई घ्यावी लागेल, आणि जन्मभर.

सुई चाँद पाशाच द्यायला शिकला. पहाटे दगडी साबणानं कोपरापर्यंत हात घासायचा, काचेची सिरिंज पातेल्यात उकळायचा. त्याच्या बोटांना गाडीचे नटबोल्ट कळत, तशी बायकोच्या दंडाची कातडीही कळायला लागली. लघवी तपासायची एक निळी दवा डॉक्टरांनी दिली होती. नळीत दवा घ्यायची, थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. निळी राहिली तर उत्तम, हिरवी झाली तर चालतं, पिवळी झाली तर सांभाळा, आणि विटेसारखी लाल झाली तर साखर फार वाढली. चाँद पाशाला हे फार आवडलं. मशीनला काटा असतो तसा माणसालाही असतो, असं त्याला वाटलं.

अडचण होती ती औषधाच्या बाटल्यांची. त्या थंडाव्यात ठेवाव्या लागत, आणि बाळापुरातला एप्रिल-मे सगळ्यांना ठाऊकच आहे. एका माठात ओली वाळू भरून बाटली तिच्यात पुरून ठेवत. दुष्काळ सरत आला होता त्या उन्हाळ्यात वाळू ओली ठेवायलासुद्धा पाणी पुरेना. औषध बिघडलं, नळी रोज लाल व्हायला लागली आणि एका दुपारी अजरा भाकरी थापता थापता चुलीपाशीच आडवी झाली. धर्मसिंग नावाचा ओळखीचा ट्रकवाला गॅरेजवर होता, त्यानं गाडीतला माल तसाच ठेवून तिला नांदेडला नेलं. ती वाचली. निघताना डॉक्टर म्हणाले, जमलं तर घरी फ्रीज घ्या. लोक हौसेनं घेतात, तुम्हाला तो दवाखान्याच्या जागी आहे.

चाँद पाशानं सहा वर्षं खपून भंगारातून एक ट्रक उभा केला होता. सांगाडा लिलावातला, इंजिन एका उलटलेल्या गाडीचं, टप त्यानं स्वतः ठोकलेला. म्हातारपणी गाडीखाली झोपायचं बंद करून गाडीत बसायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. ट्रकचे कागद झाले त्याच महिन्यात त्यानं तो विकला. त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात नांदेडच्या दुकानातून फ्रीज आला. तो उतरताना बघायला अर्धं बाळापूर जमलं होतं.

पांढराशुभ्र, छातीइतका उंच, दार उघडलं की आत दिवा. दाराच्या वरच्या कप्प्यात अजरानं स्टीलच्या वाटीत औषधाच्या बाटल्या ठेवल्या. बाकीचा फ्रीज मग गल्लीचाच झाला. शेजारच्या कमलबाईंचं विरजण त्यात, कुणाची कोथिंबीर त्यात, कुणाला ताप आला की बर्फाला वाटी घेऊन पोरगं दारात. अजरा कुणाला नाही म्हणत नसे. चार महिन्यांत तिच्या गालावर पुन्हा मांस आलं. नळी सकाळी हिरवी, कधीकधी तर निळीसुद्धा.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी चाँद पाशा चहा पीत बसला होता आणि त्याची मान आपोआप तिरकी झाली. फ्रीज चालू होता, पण त्याचा आवाज बदलला होता. आधी तो ओझं ओढणाऱ्या बैलासारखा घुमायचा. आता हलका, पोकळ, रिकाम्या गाडीसारखा आवाज येत होता. त्यानं पाठीमागच्या नळीला हात लावला. ती तापायला हवी होती, ती गार होती. संध्याकाळपर्यंत बर्फाचं पाणी झालं.

त्याला बिघाड कळला होता. आतला पंप फिरतो आहे, पण गॅस ढकलत नाही. बहुधा आतला पत्तीचा व्हॉल्व्ह मोडला. एवढंसं पोलादी पातं. पण ते होतं एका काळ्या लोखंडी डब्यात, आणि तो डबा चारी बाजूंनी वेल्डिंग करून बंद केलेला. डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. मास्तर उकंडराव, शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यांनी ती वाचून दाखवली. कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हे उघडलं तर गॅरंटी संपली.

दुसऱ्या दिवशी चाँद पाशा एस.टी.नं नांदेडला गेला. दुकानदारानं बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की कंपनीचा कारागीर हैदराबादहून येतो, पत्र टाकतो, आठ-पंधरा दिवसांत येईल. पंधरा दिवसांनी चाँद पाशा परत गेला, तेव्हा कळलं की मराठवाडा आता हैदराबादकडून काढून पुण्याकडं दिला आहे. पुण्याला पत्र गेलं. पुण्याहून उत्तर आलं की बदल एक एप्रिलपासून आहे, तक्रार त्याच्या आधीची, सबब हैदराबादनंच पाहावी. दुकानदारानं दोन्ही पत्रं समोर ठेवली आणि हात वर केले. माणूस वाईट नव्हता. चाँद पाशाला त्याच्यावर रागवायचं होतं, पण राग धरायला त्याच्यात काही सापडेना.

मार्च असाच गेला. ऊन वाढलं तसा माठ पुन्हा वाळू भरून कोपऱ्यात बसला. एका दुपारी चाँद पाशा गॅरेजमधून पाने, पकडी, करवत असं सगळं फडक्यात बांधून घरी आला. फ्रीज भिंतीपासून ओढला, मागं बैठक मारली आणि हत्यारं ओळीनं मांडली. अजरा दारात उभी राहून पाहत होती.

"खोल डालो," ती म्हणाली. "तुमारे हात से होता."

त्यानं डब्याच्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "खोलना एक मिनट का काम है. गॅस निकल गई तो भरेगा कौन? नांदेड में मशीन नहीं है. और कंपनी बोलेगी, तुमने हात लगाया."

"तो?"

"तो कुछ नहीं."

त्यानं हत्यारं पुन्हा फडक्यात बांधली. अजरा सांगायची, तिनं नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदाच एखादं मशीन न उघडता उठताना पाहिलं. त्या दिवशी तो गॅरेजवर परत गेला नाही. ओट्यावर बसून राहिला. समोरून गेलेल्या ट्रकच्या इंजिनात ठोका होता, तोही त्यानं कुणाला सांगितला नाही.

एप्रिल संपता संपता हैदराबादचा कारागीर आला. तरुण, टेरिलीनची पँट घातलेला, हातात चामडी पेटी. चाँद पाशानं त्याला खुर्ची दिली आणि आपला कयास सांगितला. पोरगा नवलानं पाहायला लागला. त्यानं नळीला घड्याळासारखं एक यंत्र लावलं, काटा पाहिला.

"आपको कैसे मालूम हुआ, चाचा?"

"सुनके."

"बराबर है. अंदर का व्हॉल्व्ह गया." त्यानं कागदावर लिहिलं. "नया युनिट लगेगा, ये पूरा डब्बा. मेरे पास होता तो एक घंटे का काम था. पर युनिट बाहर नहीं भेजते. पूरा फ्रीज बंबई के कारखाने को भेजना पड़ेगा."

एक घंटे का काम. हे शब्द चाँद पाशा पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत राहिला. तक्रार म्हणून नव्हे. मोजमाप सांगावं तसं.

धर्मसिंगच्या गाडीतून फ्रीज नांदेड स्टेशनात नेला. लाकडी पट्ट्यांची चौकट चाँद पाशानं स्वतः ठोकली, कोपऱ्यात भाताचा पेंढा भरला, आणि ओळख राहावी म्हणून अजरानं आपल्या जुन्या ओढणीची हिरवी चिंधी चौकटीला बांधून दिली. सहा मे रोजी पार्सल निघालं. आठ तारखेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला.

आता फ्रीज कुठं आहे हे कुणालाच सांगता येईना. चाँद पाशा स्टेशनात जायचा, तिथं कुलूप. रुळांवर शेळ्या बसलेल्या. संप मोडला, गाड्या धावायला लागल्या, पण पार्सलचा पत्ता नव्हता. शेवटी जूनमध्ये नांदेडच्या पार्सलबाबूनं सांगितलं की मनमाडला छोट्या रुळांचा माल मोठ्या रुळांच्या गाडीत चढवतात, तिथंच अडकला असेल. चाँद पाशा मनमाडला गेला.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला मालाचा डोंगर होता. शिलाई मशीन, सायकली, चहाच्या पेट्या, आणि खालून तिसऱ्या थरात ती हिरवी चिंधी. तो बाबूकडं गेला. बाबूनं वही पाहिली आणि सांगितलं, नंबराप्रमाणे जाईल, अजून अकराशे नग आधीचे आहेत. चाँद पाशानं बायकोचं दुखणं सांगितलं. बाबूनं ऐकून घेतलं, आणि मग तिथल्या पेट्यांकडं बोट दाखवून म्हणाला की त्यातल्या दोन पेट्यांत दवाखान्याचीच औषधं आहेत, त्यासुद्धा नंबरातच आहेत. चाँद पाशा ढिगाजवळ गेला, हात पोचेल तेवढी फ्रीजवरची धूळ खांद्यावरच्या रुमालानं पुसली आणि परतीच्या गाडीत बसला.

इकडं बाळापुरात दुसरीच धावपळ चालली होती. धर्मसिंगनं सडकेवरच्या ट्रकवाल्यांत निरोप फिरवला होता. नांदेडच्या बर्फाच्या कारखान्यातून रोज कुणी ना कुणी भुशात गुंडाळलेली लादी गोणपाटात बांधून गॅरेजवर टाकून जायचा. कुणी त्याचं काही मागितलं नाही. कमलबाईंनी आपली धान्याची लोखंडी कोठी रिकामी करून दिली, तिला आतून कापूस आणि गोधड्या लावून बर्फ ठेवला जायचा. तरी बर्फ तो बर्फ. कधी गाडी चुकली की सगळं पाणी. एकदा बाटली थेट लादीवर राहिली आणि आतलं औषध गोठलं. वितळल्यावर ते दिसायला पूर्वीसारखंच दिसत होतं. चाँद पाशानं तेच पाच दिवस टोचलं. पाचही दिवस नळी विटेसारखी लाल. डॉक्टरांनी सांगितलं, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

जुलैत फ्रीज कारखान्यात पोचल्याचं कार्ड आलं. त्याच्या मागोमाग एक टाइप केलेलं पत्र. उकंडराव मास्तरांनी ते दोनदा मनात वाचलं.

"काय म्हणून राहिले, मास्तर?" चाँद पाशानं विचारलं.

"म्हणतात, तुमी व्होल्टेज सांभाळायचं यंत्र लावलं न्हाई. त्याच्यानं बिघडलं. गॅरंटी लागू होती का न्हाई, ते तपासून कळवतो म्हणतात."

"असं यंत्र लावा म्हणून आपल्याला कुणी सांगितलं व्हतं?"

"पुस्तकात लिवलंय म्हणे. शेवटच्या पानावर."

मास्तरांनी त्यांना येत होतं तेवढं सगळं इंग्रजी खर्चून उत्तर लिहिलं. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, हैदराबादच्या कारागिराच्या कागदाची नक्कल जोडली. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं कार्ड आलं, आपले पत्र मिळाले, प्रकरण विचाराधीन आहे. मास्तरांनी पुन्हा लिहिलं. तेच कार्ड पुन्हा आलं, फक्त तारीख बदललेली. चाँद पाशा ती कार्डं गॅरेजच्या बल्लीला ठोकलेल्या तारेत ओवून ठेवायचा. ट्रकवाले विचारायचे, मिस्तरी, काय झालं? तो म्हणायचा, विचाराधीन आहे. हा शब्द त्याला नीट उच्चारता येत नसे, पण दुसरा शब्दही त्याच्यापाशी नव्हता.

श्रावणात अजराच्या डाव्या पायाच्या करंगळीला उंबऱ्याची ठेच लागली. नखाएवढी जखम. तिनं हळद भरली आणि सांगितलं नाही, कारण दुखतच नव्हतं. या आजारात पायाची जाणीव जाते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण जे दुखत नाही त्याची आठवण कुणाला राहणार? आठ दिवसांनी चाँद पाशाला वास आला. करंगळी काळी पडली होती आणि शेजारचं बोटही. नजमा कळमनुरीहून धावत आली. नांदेडच्या दवाखान्यात दोन्ही बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पाय वाचला. साखर ताब्यात असती तर कदाचित ही वेळ आली नसती. ते कदाचितच म्हणाले होते. चाँद पाशानं मात्र तो शब्द ऐकला नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तो एकवीस दिवस राहिला. नजमा सांगते, तिनं बापाला तेव्हा एकदाच रडताना पाहिलं, तेही दवाखान्याच्या आवारात बंद पडलेली कुणाचीशी जीप तो दुरुस्त करत होता तेव्हा. जीप चालू झाली. मालकानं शाबासकी दिली. चाँद पाशा बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मालकाला वाटलं, डोळ्यात पेट्रोल गेलं.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारच्या वेळी नांदेडच्या दुकानाचा टेम्पो गॅरेजसमोर थांबला. फ्रीज आला होता. चौकट नवी होती, चिंधी गेली होती, एका बाजूचा पत्रा वीतभर चेपला होता. कंपनीनं बिघाड आपल्या अंगावर घेतला होता. कसा, का, ते कुठल्याच पत्रात नव्हतं. बहुधा कुणा साहेबाच्या टेबलावरून कागद एकदाचा पुढं सरकला असेल.

टेम्पोवाल्यानं एक छापील फॉर्म पुढं केला आणि म्हणाला की सही झाल्याशिवाय माल उतरवायचा हुकूम नाही. मास्तरांना बोलावलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"पाशाभाई, ह्याच्यावर लिवलंय की कंपनीनं काम वेळेत आन् समाधानकारक केलं. ग्राहकाची तक्रार न्हाई."

टेम्पोवाला घड्याळ पाहत होता. त्याला पुढं हिंगोलीला जायचं होतं. मास्तर म्हणाले, सही करू नका, मी वरती लिहितो, मंत्र्यांना लिहितो. अजरा ओट्यावर बसली होती, पायाला अजून पट्टी. चाँद पाशानं तिच्याकडं पाहिलं, मग फॉर्मकडं.

"आन् फ्रीज वापस घिऊन गेले तर?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला. चाँद पाशानं पँटला हात पुसले आणि मास्तरांनी बोट ठेवलं तिथं उर्दूत सही केली. बोटाचा काळा ठसा कागदावर उमटला, तर टेम्पोवाला म्हणाला की कागद खराब झाला, दुसरा द्यावा लागेल. त्यानं दुसरा काढला. चाँद पाशानं दुसऱ्यांदा सही केली.

फ्रीज चालला. मान तिरकी करून त्यानं आवाज ऐकला, आवाज बरोबर होता. दोन तासांत बर्फ धरला. गल्लीतून लगेच वाट्या आल्या नाहीत. लोकांना कसंसंच वाटत होतं. शेवटी अजरानंच कमलबाईंना हाक मारून त्यांचं दही फ्रीजात ठेवायला मागवलं.

चाँद पाशाचा विश्वास मात्र परत बसला नाही. कामात असला तरी तासातासाला हात धुऊन घरी जायचा, पाठीमागच्या नळीला बोट लावायचा आणि परत यायचा. कुणी हसलं तर तोही हसायचा, पण जायचा. मास्तर अधूनमधून म्हणायचे की आपण तेव्हा सही करायला नको होती. तेव्हाही तो हात धुऊन घराकडं निघायचा.

अजराला साधी चप्पल घालता येईना. तिची बोटं नव्हती तिथं पट्टा राहत नसे, आणि दुकानात मिळणारी प्रत्येक चप्पल कुठं ना कुठं काचायची. चाँद पाशानं ट्रकच्या ट्यूबचा पट्टा कापला, तळाला सीटमधला मऊ फोम घातला, तिचा पाय फळीवर ठेवून कोळशानं आखून घेतला. पहिला जोड जड झाला. दुसऱ्याचा टाका आतून टोचत होता. चौथा जोड तिच्या पायाला बसला. अजरा तो घरात दिवसभर घालायची. बाजाराला जाताना मात्र काढून ठेवायची, कारण चालताना रबराचा आवाज होतो आणि लोक मागं वळून पाहतात, असं तिचं म्हणणं होतं. आवाज कुठून येतो ते शोधायला चाँद पाशा पुढचे कितीतरी दिवस तो जोड हातात घेऊन बसत असे.